चौथं टेबल

भायखळ्याच्या कॉलेजात एकतीस वर्षं
मी सुई शून्यावर आणून देतो.
हुद्दा प्रयोगशाळा परिचर. मुलं मामा म्हणतात.

मॅग्नेटोमीटरची डबी काढली की आधी बजावायचं:
किल्ल्या बाहेर. मोबाइल बाहेर. हातातलं कडं बाहेर.
केसांतल्या पिना राहू देत, त्या निघायच्या नाहीत,
निदान वाकून बघू नका.
आणि चौथ्या टेबलावर कुणी बसायचं नाही.
तिथं गिलाव्याखाली गर्डर आहे,
कुठल्याशा बुडालेल्या गिरणीतून आणलेला म्हणे,
त्यामुळे तिथली उत्तर
चार अंश डॉकयार्डकडे झुकते.

चुंबक वीस सेंटिमीटरवर. सुई पंचेचाळीस अंशांवर.
आता चाळीसवर न्या.
दरवर्षी निम्मी मुलं सुईकडे न बघताच
साडेबावीस लिहितात.
अंतर दुप्पट तर वळण निम्मं,
घरगुती हिशेबाला हे बरोबरच आहे.
सुई सात दाखवते.
सात.
दुप्पट अंतराला आठवा हिस्सा उरतो,
तिपटीला सत्ताविसावा.
इतक्या वेगानं तर
माझा पगारसुद्धा संपत नाही.

रुकय्या सोलकर उशिरा आली, म्हणून तिला चौथं टेबल.
म्हटलं, थांब, दुपारच्या बॅचला बस.
म्हणाली, दुपारी दुकानावर असते मी.
आणि बसली.
डबी फिरवून त्या वाकड्या उत्तरेलाच तिनं शून्य धरलं.
चाळीसवर सात लिहिलं, कुणाच्या वहीत न डोकावता.

मी विचारलं, नवल नाही वाटलं?
नाही मामा. आमचं दारूखान्याला भंगार आहे ना.
क्रेनच्या चुंबकाची थाळी पत्र्याला टेकली
की टनभर उचलते.
वीतभर वर राहिली, तर पत्रा नुसता थरथरतो.
हातभर वर,
तर पत्र्याच्या गावीही नसतं की डोक्यावर काही आहे.
अब्बांच्या चपलेला खिळे आहेत, जुने.
टाच ओढल्यासारखी झाली
की अब्बा दोन पावलं मागे होतात.
दोनच?
दोन पुरतात.

साठवर तिनं दोन अंश लिहिले.
ऐंशीवर सुई हलली असेल,
किंवा तिचा श्वास लागला असेल काचेला.
बाकीच्यांनी शून्य लिहिलं.
तिनं लिहिलं, वाचता येत नाही.

सरांनी लाल गोल काढला. संख्या लिहा. एक गुण वजा.
वही घेऊन ती माझ्याकडे आली.
मामा, शून्य लिहू? पण ते शून्य नाहीये.
मी आठवी पास.
म्हटलं, सरांना विचार.
ती गेली नाही.
तिच्याबरोबर जायला हवं होतं मी,
दहा पावलांवर केबिन होती.

मार्चअखेर जर्नलं सुतळीनं बांधून रद्दीत जातात.
तिचं मी काढून घेतलं.
माझ्या कपाटात आहे, चुंबकांच्या पेटीखाली.
चुंबक जोडीनं झोपवावे लागतात,
एकाचं डोकं दुसऱ्याच्या पायाशी,
दोन्ही टोकांना मऊ लोखंडाच्या पट्ट्या,
नाहीतर नुसते पडून पडूनच विझतात.

येत्या तीस तारखेला मी सुटतो.
नवा पोरगा येईल, त्याला पढवायचं आहे:
किल्ल्या, मोबाइल, कडं.
चौथ्या टेबलाचं काय सांगायचं
ते अजून ठरत नाही.

काल सगळे गेल्यावर तिथंच बसलो होतो.
सुई ठेवली, चुंबक ऐंशीवर ठेवला,
चष्मा पुसला, पुन्हा पुसला.
मग दिवा मालवून उठलो
आणि दाराशी उगाच वाकून चपला पाहिल्या.
रबरी आहेत.
एक खिळा नाही.